सातवा फोन

— म्हणजे काका, इन्व्हर्टर नकोच?

— पस्तीस वर्षं वायरमन होतो मी. माझ्या घरात इन्व्हर्टर म्हणजे शिंप्यानं तयार सदरा घालून मिरवण्यासारखं.

— भाऊ, बाबांचं ऐकू नका, तुम्ही लोड मोजा. आईचं ऑक्सिजनचं मशीन, एक पंखा, एक दिवा.

— आणि टीव्ही?

— नको म्हणत होतात ना, बाबा?

— विचारलं नुसतं.

— मशीन किती वेळ चालतं, ताई?

— चोवीस तास. लाइट गेली की छोटं सिलिंडर लावतो, पण ते अर्धाच तास पुरतं.

— भरपूर झालं की! आपल्याकडे वीस मिनिटांत लाइट येते. मीच लावलेली शिस्त आहे ती. दुकानदार, चहा घ्या आणि निघा.

— मंगळवारी पन्नास मिनिटं लागली, बाबा. शेवटची वीस आईनं कशी काढली, ते आत जाऊन तिलाच विचारा. मी तिची पाठ चोळत होते आणि तुम्ही फोनवर वायरमनला खडसावत होतात.

— माझ्या हाताखाली शिकलाय तो. हक्कानं बोललो.

— सात वेळा?

— उचलत नव्हता, मग काय करू!

— सातवा उचलला ना? तेव्हा तो खांबावर होता.

— कोण म्हणतं?

— त्याची बायको. तक्रार नव्हती तिची, सहज सांगत होती. भर पावसात एका हातानं खांब धरला आणि दुसऱ्या हातानं फोन काढला. म्हणे, गुरुजींचा फोन, न उचलून कसं चालेल?

(आतून मशीनचा संथ सुस्कारा ऐकू येतो.)

— काका, मग एक बॅटरी लिहू का? तीन तास आरामात निघतील.

— दोन लावल्या तर?

— सहा. पण तुमच्याकडे लाइट वीस मिनिटांत येते म्हणालात.

— येते हो. पण आधी लाइन खरंच बंद आहे का ते बघायचं. मग हातमोजे. मग शिडी कुणाला तरी धरायला लावायची. वर गेल्यावर पुन्हा तपासायचं. हे सगळं मीच शिकवलंय त्याला. त्यात वेळ जातो. जायलाच हवा.

— बाबा...

— दोन लिहा. आणि वायरिंग माझं मी करणार, तुमचा माणूस नुसता बघेल.

— शिडीवर चढायचं नाही हं तुम्ही!

— बरं, शिडी धरीन. कुणीतरी धरायला लागतोच. माझा चष्मा दे जरा, नंबर दिसत नाही.

— आता कुणाला फोन?

— थांब, वाजतोय... हॅलो? मीच. आधी हे सांग, जमिनीवर उभा आहेस ना?