नळी भंगारात जायच्या आधी

मी, नाव वर लिहिले आहे तेच, वय सत्तरीच्या पुढे, नक्की साल घरात कोणी धरून ठेवले नाही, धंदा घरकाम, राहणार चादरी धुण्याच्या कारखान्यामागे, वरचा मजला. स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते ते असे :

माझा नातू त्या कारखान्यात बॉयलर चालवतो. काल सकाळी इस्त्रीच्या रोलरकडे जाणारी वाफ कमी पडली. काय झाले ते बघायला त्याने वाफेची नळी जाते त्या खड्ड्यावरचे लोखंडी झाकण उचलले आणि वाफ तोंडावर आली. तो दवाखान्यात आहे. तोंडाला पट्ट्या आहेत, बोलता येत नाही.

संध्याकाळी कारखान्याचे मॅनेजर दवाखान्यात फळे घेऊन आले. खाटेशी उभे राहून म्हणाले की, संगणकानेच चूक पकडली, त्या खड्ड्यातला निचऱ्याचा व्हॉल्व्ह नातवाने उघडा ठेवला होता. मी म्हटले, ज्याचे तोंड बांधलेले त्याच्यावर ढकलायला अक्कल लागत नाही. ते निघाल्यावर फळांची पिशवी मी दवाखान्याच्या जिन्यावरून खाली फेकली हे खरे आहे. मॅनेजरांना लागली असे ते म्हणतात. ते मध्ये उभे होते, त्याला मी काय करू.

संगणकातली बिघाड शोधणारी ती यंत्रणा माझी नातसूनच सांभाळते. तिने मला समजावून सांगितले. कुठला मीटर कुठल्या भागाशी जोडलेला आहे याचे ती आधी जाळे काढते. आकडे हातात नसले तरी नुसत्या जोडण्यांवरून कळते की कुठला बिघाड ओळखू येईल आणि कुठला येणार नाही. वाफेच्या त्या वाटेवर मीटर एकच. व्हॉल्व्ह उघडा राहिला काय नि नळी फुटली काय, काटा सारखाच खाली येतो. साय गेली हे पातेले सांगते. मांजराने खाल्ली की पोराने, हे सांगत नाही. म्हणून संगणकाने दोन्ही कारणे दाखवली होती. मॅनेजरांनी एकच वाचले. आणखी एक मीटर लावा, असे तिने यंत्रणा बसवतानाच सांगितले होते. तेव्हा हेच मॅनेजर म्हणाले होते, "मॅडम, तुमच्या त्या जाळ्यात कारखाना अडकवू नका."

व्हॉल्व्ह बघून आता उपयोग नाही. गडबडीत लोकांनी होते तेवढे सगळे फिरवून बंद केले. नळी मात्र काढून मागच्या आवारात टाकली आहे आणि उद्या ती भंगारात जाणार आहे. भाजलेल्या माणसाला न्यायला यांना गाडी मिळत नव्हती, भंगाराला मिळाली.

ती नळी आजच ताब्यात घ्या, एवढीच माझी मागणी. चिरलेली निघाली तर मॅनेजरांनी पुन्हा खाटेशी येऊन तसे सांगावे. धड निघाली तर चूक नातवाची, आणि पट्ट्या सुटल्या की त्याच्याशी मी बोलेन. ते ऐकायला ठाण्यातून कोणी येण्याची गरज नाही.

हवालदारांनी लिहिलेले मोठ्याने वाचले. त्यात 'नातवाकडून व्हॉल्व्ह उघडा राहिल्याने' असे आले होते. ते मी बोलले नव्हते, खोडायला लावले. बाकी सांगितले तसेच आहे. अंगठा उठवते. शाई वाळायच्या आत नळी आणायला माणूस निघू द्या.