चालकाचं नाव

डोंबिवलीच्या गॅरेजात क्षिप्रा आपल्या गाडीची वाट पाहत होती. शेजारी एक वयस्क जोडपं हळू आवाजात भांडत होतं.

"सुमती, क्लेममध्ये चालक म्हणून माझं नाव सांगू. तुझं लायसन्स नवंकोरं, उगाच शंका घेतील."

"अहो, गाडी मी चालवत होते."

"म्हणून तर ठोकलीस ना!"

"मी नाही, मागच्याने ठोकली. लाल सिग्नल होता, मी थांबले."

"मानपाड्याच्या सिग्नलला? तिथे कोण थांबतं?"

"मागच्यालाही तेच वाटलं."

तेवढ्यात विम्याचा सर्व्हेयर आला. "काका, गाडी कोण चालवत होतं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"असं होय! मग अचानक ब्रेक मारलात का?"

"अचानक कसला?" काका ताडकन उठले. "सिग्नलला थांबली ती! आमच्या घरात नीट गाडी चालवता येणारी ही एकटीच आहे. लिहा तिचं नाव."