मुबिरू म्हणजे कोण

हॅलो? … कोण, नान्क्या? अगं बोल, किती दिवसांनी… हो, कंपालातच. बाइंडिंगच्या दुकानात उभी आहे. प्रबंधाच्या पक्क्या प्रती बांधून घेतेय, वर सोनेरी अक्षरं… सोमवारी तोंडी परीक्षा. मग झालं. मग मी राज्यशास्त्राची एम. ए. आणि बेकार…

हसली नाहीस. काय झालं?

थांब, थांब. इथे यंत्राचा खडखडाट आहे, बाहेर येते… हं, बोल. कुणाला नेलं? … तुझ्या वडिलांना? आपल्या जज्जा-आजोबांना? … चौकीवर? … आणि तू कुठेयस? … चौकीच्या अंगणातच. बरं. रडू नकोस. अगं ऐक ना, आधी सांग, कशासाठी नेलं?

माझ्या प्रबंधासाठी?

नाही गं, काहीतरी गफलत आहे. त्यात जज्जांचं नावच नाही. कुणाचंच नाही. गावाचंसुद्धा नाव बदललंय मी… हो, मतपेट्यांचं लिहिलंय. मतदानाच्या आधीच गावच्या चेअरमनच्या कॉफीच्या कोठारात त्या खोट्या मतांनी भरल्या, ते सगळं आहे. पण ते सांगणाऱ्याचं नाव जज्जांचं कलान्झी नाहीये ना, मुबिरू आहे. तसा माणूस तुमच्या गावात नाहीच…

चेअरमनला कुठून मिळाली प्रत? … हो. मीच दिली. अगं, न देऊन कसं चालेल? त्याच्या परवानगीशिवाय एकाशी तरी बोलता आलं असतं का मला? पहिल्या दिवशी साखर-साबण घेऊन त्याच्या दारात गुडघे टेकले, तेव्हाच म्हणाला होता, लिहून झालं की आधी मला आणून दे. मी शब्द दिला होता… मला वाटलं, इंग्रजीत आहे, जाडजूड आहे, ठेवेल कपाटात मिरवायला. असले प्रबंध वाचतं कोण? माझ्या सरांनी तरी धड वाचलाय का, देव जाणे…

लेकीकडून वाचून घेतला. हं… सगळ्यांसमोर, फणसाखाली… मग? मुबिरू हे नाव ऐकून चेअरमन काय म्हणाला?

हसला?

… नाही, कळलं. पुन्हा सांगू नकोस.

कळलं गं. मुबिरू हे मांबा कुळाचं नाव. दुसऱ्या कुळात कुणी ठेवत नाही. आणि गावात मांबा कुळाचं घर… हो. तुमचंच. एकच. बाकी सगळे तो मांबा मासा चाटूनपुसून खातात आणि तुमचं ते देवक, म्हणून तुमच्या चुलीवर तो कधी चढत नाही, हे मला माहीत होतं. तुझ्याच हातचं जेवायचे ना मी. माहीत होतं, नान्क्या, आणि तरी डोक्यात आलं नाही.

हो, दुसरं कुठलंही घालता आलं असतं. सिंह कुळातलं, नाहीतर माझ्या माकड कुळातलं… बोल, बोल, मी ऐकतेय. चुकलंच माझं… पण त्यांनीच सांगितलं होतं गं. मी म्हटलं, जज्जा, नाव बदलावं लागेल, नियम आहे. तर म्हणाले, नाव बदल, कूळ बदलू नकोस. परक्या कुळाच्या तोंडून मी बोलणार नाही, माझ्या पूर्वजांनी मला शोधायचं कुठे… मी लगेच हो म्हटलं. मला ते अगदी बरोबर वाटलं. आपल्याकडे माणसाला भलत्याच कुळाचं नाव चिकटवायचं म्हणजे… तू केलं असतंस? … नाही ना. सरही आपल्यातलेच. त्यांनाही काही खटकलं नाही.

मारलं का त्यांना? … नान्क्या, मारलं का?

… कानातून रक्त? … अजून येतंय? … फडकं लावून धर… आत सोडत नाहीत. बरं. बरं.

चेअरमन तिथेच आहे ना? काय म्हणतो? … मी? मी काय सांगायचं? … की मुलाखत खोटी, मनानेच लिहिली. मग सोडेल म्हणतो? … लेखी. विद्यापीठाच्या नावाने. हं.



अगं, असं लिहून दिलं तर पदवी गेलीच. पण तेवढंच नाही, मग त्या पेट्याही खोट्या ठरतात. जज्जांनी जीव मुठीत धरून जे सांगितलं ते सगळंच… हो. हो, कळतंय. तुझे वडील आहेत. आणि मी इथे कसला हिशोब मांडतेय… दे. त्याला फोन दे. … मी विचार करत नाहीये, नान्क्या. दे फोन.

… नमस्कार साहेब. हो, मीच, इमॅक्युलेट… हो साहेब, गुडघे टेकूनच बोलतेय असं समजा… मुबिरू? कोणी नाही साहेब. असा माणूसच नाही. मीच बनवला… कोठार, पेट्या, सगळं मनचं. प्रबंध भरत नव्हता म्हणून… हो, लाज वाटते… देते ना, आजच लिहून देते, सही करून… कलान्झी? ते बिचारे मला उकडलेल्या केळ्यांचं मटोके खाऊ घालायचे, बस. राजकारणाचा शब्द कधी काढला नाही त्यांनी…

साहेब, फोन स्पीकरवर आहे का? … त्यांना ऐकवताय?

… मागे कोण ओरडतंय?

जज्जा? … जज्जा, मीच मुबिरू असं म्हणू नका. मी सांगते ते… नाही साहेब, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, लक्ष देऊ नका… जज्जा, मुबिरू तुम्ही नाही. कोणीच नाही. मी बनवलाय त्याला… तुम्ही खोटं बोललात असं नाही हो म्हणत मी… जज्जा, ऐका ना माझं…

साहेब? … साहेब, नका मारू त्यांना… नान्क्या?

हॅलो? … हॅलो?