उपराष्ट्रपतींच्या भिंतीवरची मोकळी जागा

दालनात त्या छोट्या देशाच्या उपराष्ट्रपतींच्या अकरा तसबिरी भिंतीवर होत्या आणि बारावी एका आजींच्या मांडीवर. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली विद्यार्थिनी आजींचं आणि शिडीवरच्या सुताराचं बोलणं ऐकत होती.

“आजी, आजोबा किती दिवस होते पदावर?”

“दिवस कसले? सकाळी शपथ घेतली, संध्याकाळी सरकारने पदच रद्द केलं.”

“मग दिवसभर केलं काय त्यांनी?”

“घरी येऊन जेवले आणि झोपले. मी उठवलंही नाही. म्हटलं, उपराष्ट्रपती झोपलेत.”

“पद परत कधी आलं?”

“नऊ वर्षांनी. तोवर सगळे यांना विसरले. हे मात्र शेवटपर्यंत विचारायचे, माझी तसबीर लागली का गं?”

“त्या नऊ वर्षांची म्हणून ही जागा मोकळी होय? मला वाटलं, आधीच्या सुताराचं माप चुकलं.”

“तिथेच लावा की.”

“इथल्या साहेबांची अट ऐकलीत ना? बाकीच्या तसबिरी हलवायच्या नाहीत. मावली नाही, तर ही परत घरी न्यायची.”

“अहो, मापून तर बघा.”

सुताराने जागा मापली. मग खाली उतरून त्याने आजींच्या मांडीवरची तसबीर मापली. जागा बासष्ट सेंटिमीटर भरली, तसबीर साठ.