शोकेसमधली फ्रेंच वाइन

आमच्या घरात एक नियम आहे. मोठे काका एखाद्या गोष्टीला भारी म्हणाले की ती भारीच. का, असं विचारायचं नाही.

तर काकांना कुणीतरी फ्रान्सची उंची रेड वाइन भेट दिलेली. काकांनी ती नऊ वर्षं हॉलच्या शोकेसमध्ये दिव्याखाली उभी ठेवली, आपल्याकडच्या मे महिन्यातसुद्धा! परवा पाहुण्यांसमोर उघडली, वर बर्फ टाकला. सगळे घोट घेऊन डोळे मिटत म्हणाले, "वा! फ्रान्स ते फ्रान्स!"

काका मला म्हणाले, "तू वाइन चाखायचं शिकलीस ना कॉलेजात? सांग पाहुण्यांना."

मी बिनबर्फाचा ग्लास घेतला. रंग चहासारखा. एक घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला.

"काका, उकाड्यानं बूच सुकून हवा आत गेलीय, हिचा व्हिनेगर झालाय."

"लई शहाणी! नुसतं भारी म्हण. माझ्या इज्जतीचा सवाल आहे."

"नाय म्हणणार. याच जिभेवर मला नोकरी मिळालीय. तुम्हाला भारी वाटते ना? मग घ्या अजून."

मी बाटली सगळ्यांपुढं फिरवली. एकानंही ग्लास पुढं केला नाही.