कंबर वजा मान

…आणि वर मला म्हणतो कसा, "श्वास सोडा!" अहो, सोडलाय! आता आणखी सोडला तर परत घेता येईल की नाही याची मला खात्री नाही! पण आमचा मापाडी ऐकेल तर शपथ. मापाडी म्हणजे दवाखान्यातला मदतनीस हो, मोजायची पट्टी त्याच्या हातात, म्हणून सगळी पलटण त्याला मापाडी म्हणते. तो गुडघ्यावर बसलेला, पट्टी माझ्या बेंबीवर, एक डोळा मिटलेला, जणू शेजाऱ्याच्या कुंपणाचा वाद मिटवायला आलाय! आणि मी उभा. नुसत्या चड्डीवर. डोक्यावर पंखा गरगरतोय आणि मागे रांगेत लोक खोकतायत... ते खोकणं सर्दीचं नव्हतं, कळलं ना?

तुम्हाला सांगतो, त्याच दिवशी सकाळी मी पळण्यात पलटणीत पहिला आलो होतो. पहिला! दुसरा पोचला तोवर माझं तोंड धुऊन, बूट सोडून, पाय पसरून झाले होते. आणि दुपारी हा माणूस माझी कंबर मोजतो, मग मान मोजतो, मग भिंतीवरच्या तक्त्यावरून बोट फिरवतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतो, "सव्वीस टक्के चरबी. हद्द बावीस. नापास!" मी म्हटलं, "अरे बाबा, मग सकाळी पहिला आला तो कोण?" तर म्हणतो, "ते मैदानावर विचारा. इथे फक्त माप." मी भांडत नाही हं. मी फक्त विचारतोय!

आता तुम्ही म्हणाल, झाला नापास, त्यात काय एवढं? आहे, एवढं आहे. आमच्याकडे दोराची भिंत आहे. चांगली उंच, खालून बघितली तर टोपी पडते. तिथे जवानांना कडा चढायला आणि जखमी माणसाला पाठीवर बांधून वरखाली न्यायला शिकवतात. तिथल्या उस्तादाची जागा रिकामी झाली होती. आणि मला ती जागा हवी होती. उगाच लाजून सांगत नाही, मला ती जागा मनापासून, झोपेतसुद्धा हवी होती! पलटणीत मला 'पाल' म्हणतात, यावरून काय ते समजा. एकदा सरावात मी आमच्या आचाऱ्याला पाठीवर घेऊन ती भिंत चढलोय. आमचा आचारी तुम्ही पाहिला नाहीत म्हणून तुम्ही गप्प बसलायत, नाहीतर टाळ्या पडल्या असत्या! पण नियम असा, की उस्ताद व्हायचं तर आधी मापात बसायचं, मग भिंतीची परीक्षा. पट्टीपाशी नापास झालात तर भिंतीला हात लावायचा नाही.

तर मोठे साहेब म्हणाले, "दीड महिना देतो. मापात या." साहेब माणूस चांगला. रागावले वगैरे नाहीत. उलट माझ्या पोटाकडे जरा सहानुभूतीने बघितलं, तेच मला जास्त लागलं.

घरी आलो तर डोक्यात एकच किडा... मान! अहो, चरबीचा हिशोब करताना हे लोक कमरेतून मान वजा करतात! मान जाड तर चरबी कमी, मान बारीक तर चरबी जास्त. आता माझी मान आहे लांब आणि सडपातळ, आमच्या घराण्यात सगळ्यांची तशीच, आत्याची तर लोक तारीफ करायचे. त्या मानेने माझा असा गळा कापावा? हे कुणी शोधून काढलं असेल? कुठल्या खोलीत बसून? तो स्वतः कसा दिसत असेल? मला खरंच जाणून घ्यायचंय! मी भांडत नाही हं. मी फक्त विचारतोय!

मग मी काय केलं... बायकोच्या शिवणाच्या डब्यातून पट्टी काढली आणि घर मोजायला घेतलं. बायको म्हणाली, "अहो, मला हात लावलात तर आज स्वयंपाक तुम्ही करायचा." ठीक, तिला वगळलं. सासूबाईंकडे मी नुसतं बघितलं, त्या उठून आत गेल्या आणि दाराला कडी लावली. राहिले सासरे. आमचे सासरे म्हणजे... कसं सांगू... ते निवृत्त झाल्यापासून खुर्चीत आहेत. रिमोट पडला तर पंखाच बघत बसतात, पण वाकत नाहीत. पण मान! अहो, काय मान! डोकं आणि खांदे यांच्यामध्ये हद्द कुठे ते कळत नाही. त्यांची मान मोजली, पोट मोजलं, तक्ता लावला... सासरे पास! बावीसच्या आत! माझी मुलगी टाळ्या पिटत म्हणते, "आजोबा सैनिक, बाबा नापास!" आणि सासरे खुर्चीतूनच मला म्हणतात, "जावईबापू, शरीराकडे लक्ष द्यायला हवं होतं हो तुम्ही."

दुसऱ्या दिवशी तडक डॉक्टर मॅडमकडे. वयाने माझ्याहून लहान, पण टेबलापलीकडे बसल्या की माणूस आपोआप मोठा दिसतो. मी म्हटलं, "मॅडम, माझे सासरे तुमच्या फौजेत बसतात." त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पट्टी तुमच्यासाठी बनवलेलीच नाही. ती हजारो माणसांसाठी आहे. हजार पोटं मोजली, तर त्यातली बरीच पुढे हृदयाला त्रास देतात, हे खरं आहे. तुमचं एक पोट त्यात आहे की नाही, ते पट्टीला कसं कळणार?" आता हे बोलणं पटण्यासारखं होतं, आणि तेच वाईट! भांडायला गेलेल्या माणसाला पटलं तर त्याने करायचं काय? मी म्हटलं, "मग मला कळेल असं काहीतरी करा." तर म्हणाल्या, "मोठ्या इस्पितळात यंत्र आहे. आडवं झोपायचं, ते हाड, मांस, चरबी वेगवेगळं दाखवतं. त्याचा आकडा पट्टीपेक्षा खरा. पाठवू?" मी म्हटलं, "आत्ता पाठवा!"

अहो, काय सांगू तो आनंद! न्याय म्हणजे न्याय! त्या यंत्राखाली मी असा झोपलो जसा राजा झोपतो. ते घूं घूं करत डोक्यापासून पायापर्यंत फिरलं, मी मनात म्हणतोय, बघ बाबा, नीट बघ, त्या मापाड्याला दाखव! सोबत आलेल्या डॉक्टर मॅडमनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत पडद्याकडे. मी विचारलं, "किती आलं मॅडम? अठरा?" त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस."

अठ्ठावीस! म्हणजे पट्टी माझ्यावर मेहेरबानी करत होती! आणि डॉक्टर मॅडम खुर्ची पुढे ओढून मलाच विचारतात, "पण मग तुम्ही एवढे पळता कसे?" अहो, मला काय माहीत! मी पळतो, चरबी माझ्याबरोबर येते, तिने हळू पळायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नाही! त्यांनी नाडी बघितली, छातीला तारा लावल्या, फिरत्या पट्ट्यावर पळवलं. हृदय ठणठणीत, दम ठणठणीत. मॅडम म्हणाल्या, "गंमतच आहे." म्हणजे बघा हं, चरबी खरी, धावणंही खरं, दोन्ही एकाच माणसात. मग तंदुरुस्त म्हणायचं कुणाला? मी भांडत नाही हं. मी फक्त विचारतोय! मॅडम म्हणाल्या, "मीही विचारतेच आहे. पण नियम माझा नाही. वजन उतरवायचंच असेल तर सावकाश उतरवा. दीड महिन्यात नको."

सावकाश! जागा दीड महिन्यात भरणार आणि मी सावकाश!

आमच्या कचेरीत एक कारकून आहे, त्याला सगळे 'काडी' म्हणतात. दाराच्या फटीतून आत येईल, असा. तो मापात पहिला, पळण्यात शेवटचा. एकदा स्ट्रेचर उचलायच्या सरावात त्यालाच स्ट्रेचरवरून आणावं लागलं. त्याला म्हटलं, "तू खातोस तरी काय?" तर तो चेहरा पाडून म्हणतो, "दादा, तुम्हाला वर्षातून एकदा पट्टीची भीती. मला रोज सकाळी मैदानाची भीती वाटते. जेवण जातच नाही." मला त्याच्याकडे बघून खरंच कसंतरी झालं. इतकी वर्षं आम्ही त्याला हसत होतो. पण मी काय केलं असेल? त्याच्या ताटात किती असतं ते बघून घेतलं आणि त्याच्या निम्मं खायला सुरुवात केली!

पुढचे दिवस विचारू नका. सकाळी काकडी. दुपारी उकडलेलं काहीतरी, ते काय आहे हे बायकोही सांगायची नाही. रात्री गरम पाणी. शेवटच्या आठवड्यात तर पाणीसुद्धा जपून! घरात कुणी चमचा वाजवला तरी मी दचकायचो. मुलीच्या डब्यातला वास घेतला तर ती ओरडली, "आई, बाबा डबा हुंगतायत!" बायको एके दिवशी समोर बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही बारीक होत नाही आहात. तुम्ही कमी होत आहात." मला तेव्हा ते कौतुक वाटलं!

आणि मोजणीचा दिवस. तीच चड्डी, तोच पंखा. चड्डी तेवढी आता हाताने धरून ठेवावी लागत होती. मापाड्याने कंबर मोजली, परत मोजली, तक्त्यावरून बोट फिरवलं... "एकवीस! पास!" अहो, रांगेतून टाळ्या! आचाऱ्याने मिठी मारली, त्या मिठीत मी दोनदा फिरलो. मोठे साहेब म्हणाले, "शाबास! उद्या सकाळी भिंत. ती तर तुझी घरचीच आहे!"

सकाळी भिंतीपाशी सगळी पलटण जमली. पाठीवर एक माणूस बांधून वर जायचं. साहेबांनी माझ्यावरच्या प्रेमापोटी सगळ्यात हलका माणूस दिला... काडी! मी दोर धरला. पहिली उडी बरी गेली. दुसरी गेली. मग हात असे वागायला लागले, जसे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत आणि मी ते तासाभरासाठी मागून आणलेत. अर्ध्यात आलो आणि थांबलो. वर बघितलं तर आकाश हलतंय. आणि माझ्या कानाशी काडी, आयुष्यात कधी एक हात वर न चढलेला काडी, अगदी हळू विचारतो, "दादा... मीच चढू का?"

खाली उतरवलं आम्हाला. मला बाकावर बसवलं, डॉक्टर मॅडमनी साखरेचं पाणी पाजलं, त्या रागावल्या होत्या पण कुणावर ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आता लपवून काय करू, आलं! साहेब शेजारी येऊन बसले आणि टोपी काढून म्हणाले, "तुझं मला समजत नाही. चढत होतास तेव्हा मापात नव्हतास. मापात आलास तर चढत नाहीस."

मी म्हटलं, "साहेब, मी भांडत नाही हं, मी फक्त विचारतोय. दीड महिन्यापूर्वीचा मी आणि आताचा मी, दोघांना मिळून ती जागा दिली तर? भिंतीला तो येईल, पट्टीला मी उभा राहीन!"

साहेबांनी खरंच विचार केला हो! मग म्हणाले, "दिली असती. पण पगार एकाचाच आहे."

तेव्हा सध्या भिंतीवर दुसराच कुणीतरी शिकवतो, आणि तेव्हाच्या मला आणि आताच्या मला मिळून भांडारात टाकलंय, गणवेश वाटायला. काम बरं आहे. दुपारी दोघंही पोटभर जेवतो.