साखरपुड्याचा नारळ

आई ठेवणीतली साडी नेसून, हातात नारळ घेऊन बाहेर आली, तेव्हाच मी बॅग भरायची थांबले.

खरं तर बेत चोख होता. मी आणि माझी मैत्रीण श्वेता, शनिवारी एसटीने कोल्हापूर, रविवारी मोटरसायकलच्या शर्यती. शर्यतीसाठी घरून कोण सोडणार? म्हणून मी सांगितलं, श्वेताचा साखरपुडा आहे, मुलाकडे, कोल्हापूरला. एरवी कुकरच्या शिट्टीला दचकणारी मी, पण थाप अगदी ठणठणीत मारली होती!

“कुठे चाललीस?” मी विचारलं.

“मांडवीला, श्वेताकडे. पोरीचा साखरपुडा, नि हातावर नारळ नको ठेवायला?”

आईची रिक्षा वळली आणि मी श्वेताला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. वीस मिनिटांनी, सहाव्यांदा, एकदाचा उचलला.

“श्वेता, ऐक, आई येतेय. तू फक्त लाजून हस, बाकी मी बघते!”

“लाजतेच आहे ती,” पलीकडून आई म्हणाली. “तिच्या आईला साखरपुडा माझ्याकडूनच कळला. शर्यतीची तिकिटंही बघितली आम्ही. आता एवढंच सांग गो, जावई कितव्या नंबरच्या गाडीवर आहेत?”